कोऱ्या फ्लॉप्या

हे मी आजवर कुणापाशी बोललेले नाही. आमच्या ह्यांच्यापाशी नाही, भावापाशी नाही. देवासमोरही तोंडानं कधी म्हटलं नाही – त्याचं त्याला कळलं असेल तर कळो. तुम्हाला सांगते, कारण तुम्ही माझे कुणी लागत नाही. नात्यातल्या माणसाला सांगायला बसलं की ते मध्येच डोळे पुसायला लागतं, नाहीतर कुणाची तरी बाजू घ्यायला लागतं. मला दोन्ही नको आहे.

आणि आधीच बजावून ठेवते – ऐकता ऐकता एका जागी तुम्हाला माझी दया येईल. येऊ देऊ नका. मी स्वतःच स्वतःची इतकी दया केली आहे की त्यात आणखी भर नको.

कुठून सुरू करू? घरापासूनच करते. आमचं घर कोपरगावात. थोरले दीर, त्यांना सगळे आबा म्हणायचे, साखर कारखान्यात नोकरीला. त्यांची बायको, म्हणजे माझी मोठी जाऊ, ती अक्का. त्यांना एकच मुलगी, मनीषा. आणि आम्ही दोघं – हे दूध संघात, मी एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायला. आम्हाला मूलबाळ झालं नाही. त्यावरून अक्का मला कधी एका शब्दानं बोलली नाही, हेही सांगून टाकते. ती वाईट बाई नाही. वाईट असती तर मला हे सगळं किती सोपं गेलं असतं.

मी नव्वद-पंच्याण्णवच्या काळातलं बोलते आहे. तेव्हा कॉम्प्युटर म्हणजे चपला बाहेर काढून, हात पुसून जवळ जायची वस्तू होती. मला लोक कॉम्प्युटरवाल्या मॅडम म्हणायचे आणि मला ते आवडायचं. मी मुलांना पहिला धडा फ्लॉपीचा द्यायचे. फ्लॉपी म्हणजे तळहाताएवढी, प्लास्टिकची चपटी चौकोनी डबी, तिच्यात सगळं साठवायचं. एकीवरचं दुसरीवर उतरवताना आधी भरलेली घालायची, मग कोरी. उलटं केलंत तर भरलेलीवर कोरी उतरते आणि असलेलं सगळं जातं. हे सांगून सांगून माझा घसा बसायचा. ज्याच्या हातून उलटं होईल त्याला मी बाकावर उभं करायला कमी करत नसे.

आता मनीषाच्या साखरपुड्याचा दिवस.

माझं माहेर सुप्याच्या आत, पारनेरच्या बाजूला. कोरडा मुलूख. आई बरेच दिवस अंथरुणाला खिळलेली होती. मला जायचं होतं. पण साखरपुडा तोंडावर आलेला, घरात कामाला माणूस नाही, म्हणून मीच म्हटलं होतं, कार्य उरकलं की जाते. हे मीच म्हटलं होतं – कुणी अडवलं नव्हतं.

त्या दिवशी सकाळी भावानं सुप्याच्या एसटीडी बूथवरून फोन केला. आई पहाटे गेली होती. फोनवर अक्का बोलली. ती त्याला म्हणाली, शैला बाहेर गेली आहे, आली की सांगते. मी बाहेर कुठली जाते? मी मागच्या पडवीत पुऱ्या लाटत होते. अक्कानं फोन ठेवला, पदरानं तोंड पुसलं आणि मला येऊन सांगितलं – पुऱ्या जरा लहान लाट, पाव्हणे शहरातले आहेत.

तुम्ही म्हणाल, असं कसं? असंच असतं. शुभकार्य चालू असताना वाईट बातमी दाबून ठेवायची, ही आमच्याकडची रीतच आहे. वऱ्हाड जेवून निघून गेलं की मग दार लावून रडायचं. मीसुद्धा दुसऱ्या कुणाच्या बाबतीत हेच केलं असतं, आणि वर शहाणपणाचं काम केलं म्हणून समाधान मानलं असतं. पण ती माझी आई होती. तिकडे भावानं उन्हं कलेपर्यंत तिला ठेवली. येईल, येईल म्हणून. इकडे मी पेढ्यांचं ताट घेऊन फिरत होते. डोक्यात गजरा होता. फोटोवाल्यानं हसायला सांगितलं, तशी हसले.

पाहुणे गेल्यावर अक्कानं मला जवळ बसवलं. माझा हात हातात घेतला. "शैला, मन घट्ट कर गं," म्हणाली, आणि माझ्याआधी तीच रडायला लागली.

आबांना तोवर काहीच माहीत नव्हतं. ते उठले, कारखान्यातल्या मित्राची जीप घेऊन आले आणि मला घालून निघाले. वाटेत नगरला त्यांनी गाडी थांबवून मला बळंच चहा पाजला. म्हणाले, "माजी चूक न्हाई असं म्हनत न्हाई मी. घरातच हुतो ना." एवढंच. मी पोचले तेव्हा सरण खाली बसलं होतं. तोंडात पाणी घालायला तोंड राहिलं नव्हतं. भावजयीनं माझ्याकडे पाहिलं आणि तिची नजर माझ्या केसांवर थांबली. गजरा काढायचा राहून गेला होता.

इथंच तुमची दया येते, नाही का? म्हणून म्हटलं होतं.

साखरपुड्याचा तो फोटो अक्कानं मोठा करून बैठकीत लावला. मनीषा, जावई, मधे अक्का, आणि कडेला मी – दात दाखवून हसणारी. माझी आई तेव्हा अंगणात झाकून ठेवलेली होती. तो फोटो मी वर्षानुवर्षं सणावाराला पुसला. एक शब्द बोलले नाही. मी गप्प बसले याचा अर्थ अक्कानं आपला लावला, की शैला समजूतदार आहे, शैलानं मनात काही ठेवलं नाही. चारचौघींत ती तसं बोलूनही दाखवायची. मी मनात काय काय ठेवलं होतं ते तिनं एकदा तरी विचारायचं होतं.

मग मनीषाला दिवस गेले. ती तोवर अमेरिकेत गेलेली. तिला सासू नाही, तेव्हा बाळंतपणाला अक्कानंच जायचं हे ठरलेलं. पण अक्काला इंग्रजी येत नाही, विमान तिनं आभाळातच पाहिलेलं. आबा गेले असते, पण त्यांना आदल्या वर्षी लकवा झाला होता. उजवं अंग गेलेलं, बोलणं जड झालेलं. त्यांना एवढ्या लांब नेणं शक्यच नव्हतं. म्हणून अक्कासोबत मी. आबांनी स्वतः सांगितलं, "शैलाला धाडा. ती संगं आसली की मला घोर न्हाई."

ऐकलंत? मला घोर नाही, म्हणाले.

मुलगी झाली. गोरीगोमटी, डोक्यावर दाट जावळ. जावयाच्या अंगात नुसता उत्साह. त्यानं नवा कॅमेरा घेतला होता – रोल नसलेला, फोटो थेट फ्लॉपीवर उतरवणारा. तेव्हा ती केवढी नवलाई. फ्लॉपी भरली की कॉम्प्युटरमध्ये घाला आणि लगेच फोटो बघा. तो कॅमेरा घेऊन पुढं आला आणि अक्का आडवी आली. "सव्वा म्हैना फोटू काढायचा न्हाई. बाळाला दिष्ट लागती." जावयानं समजावलं, मनीषा रुसली, अक्का हलली नाही. रविवारी आबांचा फोन यायचा. त्यांच्या अडकत्या जिभेवर एकच शब्द असायचा – फोटू. अक्का म्हणायची, "दम धरा, येताना संगंच आनते. समदे एका दमात बघा." ते फोनवरून नातीचं रडणं ऐकायचे आणि ठेवून द्यायचे.

सव्वा महिना झाल्यावर बारसं केलं. पाळणा कुठला? कपड्यांच्या मोठ्या टोपलीला अक्काची नऊवारी बांधली आणि चौघांनी धरून हलवली. मग मात्र फोटोच फोटो. न्हाऊन काजळतीट लावलेली मुलगी, अक्काच्या मांडीवर पालथी, जावयाच्या खांद्यावर. बाळाला घेऊन आम्ही एका तळ्याकाठी दोन दिवस फिरायला गेलो, तिथले. निघायला थोडे दिवस उरलेले, त्यामुळं त्यानं कॅमेरा खाली ठेवलाच नाही. घरचा कॉम्प्युटर ऑफिसच्या कामानं गच्च भरलेला, त्यात जागा नाही. म्हणून तो मला म्हणाला, "काकू, तुम्ही यातल्या तज्ज्ञ. सगळ्या फ्लॉप्यांच्या कॉप्या करा. एक संच इथं राहू दे, एक आबांना न्या." तळ्याकाठच्या मुक्कामातसुद्धा मी ते काम केलं. त्याचा ऑफिसचा छोटा कॉम्प्युटर बरोबर होता, फ्लॉपी भरली की मी तिची लगेच कॉपी काढायचे, वर नाव घालायचे. काम चोख. माझं कामच ते.

तोपर्यंत माझ्या मनात काही नव्हतं. हे खरं सांगते. की मनात सगळं होतं आणि फक्त वाट सापडलेली नव्हती? मला आता सांगता येत नाही.

तळ्याहून आल्यावरची एक दुपार. अक्का मुलीला तेल लावत होती, मनीषा शेजारी बसलेली. मी स्वयंपाकघरात होते, मधे दार नाही. मनीषा काहीतरी म्हणाली – सगळं कसं चांगलं झालं, असं काहीतरी. त्यावर अक्का म्हणाली, "आगं, तुज्या साखरपुड्याला मी त्वांड मिटून ऱ्हायले म्हनून हे दिस दिसले. शैलाच्या आईचं तवाच सांगितलं आसतं तर? समदं इस्काटलं आसतं. पाव्हणे ताटावरनं उठले आसते." मग तेलाचा हात चोळत म्हणाली, "शैला गुनाची. तिनं बी मनाला लावून घेतलं न्हाई."

आवाजात खोट नव्हती. फुशारकीही नव्हती. घरासाठी मी एक चांगलं काम केलं, असं ती सांगत होती. मी गॅस बंद केला. मला आठवतं, मला रडू आलं नाही. एकदम हलकं वाटलं. माझ्या आईचं तोंड या बाईनं मला बघू दिलं नाही – आणि हिचा नवरा तिकडे एका तोंडासाठी रविवार मोजत बसला आहे, आणि ते तोंड माझ्या हातात आहे. एवढं साधं होतं ते. मी इतकी वर्षं कुठं शोधत होते?

दुसऱ्या दिवशी घर रिकामं असताना मी मनीषाकडे ठेवायचा संच काढला आणि एकेक फ्लॉपी पुसून कोरी केली. नावं तशीच ठेवली. माझ्याबरोबर यायचा संच मी सुटकेसमध्ये साडीच्या घडीत घातला. आणि वरच्या पिशवीत, आबांना न्यायच्या म्हणून, कोऱ्या फ्लॉप्या ठेवल्या. त्यांच्यावर माझ्या सुबक अक्षरात लिहिलं – बारसं, न्हाण, तळं.

म्हणजे फोटो मी नाहीसे केले नाहीत. हे नीट लक्षात घ्या. रागाच्या भरात सगळं पुसून टाकलं असतं तर एक वेळ – पण मी सगळं पुसलं नाही. मी जपून आणलं. अर्ध्या जगावरून, साडीच्या घडीत.

परत आलो. आबांनी दाढी करून घेतली होती, स्वच्छ टोपी घातली होती. क्लासचा जिना त्यांना चढवणार नाही, म्हणून आमच्या ह्यांनी क्लासच्या मालकांना विचारून तिथला एक कॉम्प्युटर दूध संघाच्या टेम्पोतून घरी आणला होता आणि आबांच्या खाटेशेजारी मांडला होता. गल्लीतली चार माणसं जमलेली. अक्का आबांच्या उशाशी बसली. "आता बघा," म्हणाली, "नाकापासनं समदं तुमचंच हाय."

मी फ्लॉपी घातली. काही नाही. दुसरी घातली. काही नाही. तिसरीला मी कपाळावर हात मारला – तो मी आधीच ठरवून ठेवला होता. म्हटलं, माझ्याकडूनच उलटं झालं, भरलेलीवर कोरी उतरली. कॉम्प्युटरवाल्या मॅडमनं पहिल्या धड्यातली चूक केली. गल्लीतला माझाच एक जुना विद्यार्थी मागं उभा होता, त्यानं मान खाली घातली. मला त्याचं काही वाटलं नाही. मी फक्त अक्काकडे बघत होते. तिचं तोंड कसं उतरतं, ओठ कसे कोरडे पडतात, हात नवऱ्याच्या पायावर कसा जातो – मी सगळं पाहिलं. पोटभर पाहिलं. मला बरं वाटलं. जेवणानंतर वाटतं तसं.

आबा म्हणाले, "आसू दे. कवातरी दिसंल." आणि माझ्या पाठीवर डावा हात ठेवला.

मनीषाला फोन लावला. तिच्याकडच्याही कोऱ्या. मग काय, काकूंकडून सगळ्याच उलट्या झाल्या. जावई म्हणाला, नवे फोटो काढून पोस्टानं पाठवतो. कुणी मला एका शब्दानं दुखावलं नाही. अक्का तर उलट माझीच समजूत घालत होती. "चुकतं मानसाचं," म्हणत होती.

पुढचं मी फार वेळा मनात घोळवलं आहे, म्हणून हळू सांगते.

चार-पाच दिवसांनी अक्का बाजाराला गेली. हे कामावर. घरात मी आणि आबा. कॉम्प्युटर अजून खाटेशेजारीच होता, मालकांनी न्यायला माणूस पाठवला नव्हता. फ्लॉप्या पलीकडच्या खोलीत माझ्या कपाटात. आबा जागे होते. म्हणाले, "शैला, तू सांग गं. ती ग्वाड करून सांगती. पोरगी कशी हाय?"

मी सांगितलं. नाक तुमचंच, म्हटलं. हनुवटीवर खळी आहे, म्हटलं. रडायला लागली की आधी खालचा ओठ बाहेर काढते. ते ऐकत होते आणि त्यांची नजर त्या काळ्या पडद्यावर होती – कॉम्प्युटर बंद होता, तरी तिकडेच. मी बोलत होते आणि मनात एकच चाललं होतं. उठ. कपाट उघड. त्यांना सांग, आबा, कुणाला बोलू नका, आणि दाखव. ते बोलले नसते. सोन्यासारखा माणूस, त्यांनी ते मनात ठेवलं असतं. त्यांच्यावर माझा काय राग होता? त्यांनीच मला जीपमधून नेलं होतं. त्या घरात मला चहा पाजणारं दुसरं कोण होतं?

मग का नाही उठले?

कारण त्यांनी पाहिलं असतं तर त्यांचा चेहरा फुलला असता. अक्का बाजारातून आली असती आणि तिला तो फुललेला दिसला असता. तेवढंसुद्धा तिला मिळू द्यायचं नव्हतं. मी बसून राहिले. त्यांनी विचारलं, "माज्यावानी हासती का?" मी म्हटलं, अजून हसत नाही, लहान आहे. तेही खोटं होतं. ती हसायची. हसतानाचा फोटो होता.

आबा त्याच आठवड्यात गेले. झटका पुन्हा आला आणि डॉक्टर येईपर्यंत सगळं संपलं.

अंगणात त्यांना ठेवलं. एकेकानं तोंडात पाणी घातलं, मीही घातलं. अक्का त्यांच्या चेहऱ्यावर वाकून म्हणाली, "नातीचं त्वांड न बगताच गेलं माजं मानूस." आणि त्या क्षणी – तुम्हाला मी खरं सांगायचं कबूल केलं आहे ना – माझ्या मनात पहिला शब्द आला तो 'फिटलं'. दुःख मागून आलं. आलं, नाही असं नाही, आबांसाठी मी खूप रडले. पण आधी तो शब्द आला. सावकाश, तृप्त होऊन आला.

पोस्टातले फोटो तेराव्यानंतर पोचले.

आणखी एक आहे. हे सांगायचं नव्हतं, पण आता अर्धवट ठेवण्यात काय अर्थ? मघाशी मी म्हटलं, साखरपुड्याच्या सकाळी फोनवर अक्का बोलली. ती बोललीच. पण फोन आधी तिनं उचलला नव्हता. आईच्या दहाव्याला भाऊ मला बाजूला घेऊन म्हणाला होता, "ताई, फोन दाजींनी उचलला हुता. मी त्यांनाच सांगितलं. मग त्यांनी अक्कांकडं दिला." म्हणजे आमच्या ह्यांना सकाळपासून माहीत होतं. पंगतीत ते माझ्यासमोर बसले होते. मी श्रीखंड वाढायला गेले तर म्हणाले, अजून थोडं घाल.

त्यांना मी आजवर विचारलेलं नाही. एकदाही नाही. विचारलं असतं तर त्यांच्याबरोबर राहायचं कसं, हा प्रश्न आला असता, आणि मूल नसलेल्या बाईनं नवऱ्याशी असं भांडण काढून जायचं कुठं? माझ्यात तेवढी धमक नव्हती. म्हणून दोघांचा सगळा हिशेब मी अक्काच्या एकटीच्या नावावर मांडला. तिच्याशी वैर धरणं परवडत होतं. नवऱ्याशी नव्हतं. ह्यांना मी अजूनही सकाळी चहा देते आणि साखर कमी आहे का विचारते.

फ्लॉप्यांचं विचाराल. आबांचे दिवस झाल्यावर मी एका सकाळी त्या न्हाणीघराच्या बंबात घातल्या. लाकडांबरोबर पटकन जळाल्या, पण धूर काळा आणि उग्र झाला. बाहेरून अक्कानं विचारलं, कसला वास येतोय गं? मी म्हटलं, प्लास्टिकची पिशवी पडली चुकून. तिनं त्याच पाण्यानं अंघोळ केली.

अक्का आता खूप म्हातारी झाली आहे. डोळ्यांना कमी दिसतं. जेवण मीच वाढते, औषधं मीच देते, तिच्या केसांना तेलही मीच लावते. मनीषाची मुलगी कॉलेजात गेली, दर दोन वर्षांनी येऊन आजीला मिठी मारते. घर सुखाचं आहे म्हणतात लोक. दोघी जावा बहिणींसारख्या आहेत म्हणतात.

पण कुणीही नवं माणूस घरी आलं की अक्का आबांची गोष्ट काढते. सव्वा महिना मीच फोटो काढू दिला नाही, म्हणते. जावई पहिल्या दिवसापासून मागं लागला होता. काढला असता, पोस्टात टाकला असता, तर त्यांनी नातीला बघितलं असतं. दिष्ट दिष्ट करत बसले, आणि माझ्या हातानं माझ्या माणसाला उपाशी धाडलं. हे ती इतकी वर्षं म्हणते आहे. आधी रडून म्हणायची, आता नुसतीच म्हणते. आलेलं माणूस गडबडून जातं आणि माझ्याकडे बघतं, की मी काहीतरी बोलेन, म्हातारीचं ओझं थोडं हलकं करेन. अक्काही माझ्याकडे बघते. "व्हय का न्हाई गं शैला?" म्हणते. "माज्यामुळंच ना?"

एका वाक्याचं काम आहे. ते वाक्य माझ्याकडे तयार आहे, पाठ आहे. कालसुद्धा तिनं विचारलं.

मी तिच्या ताटात भाकरीचा तुकडा कुस्करला, त्यावर दूध घातलं आणि म्हटलं, "जेवा आता, अक्का."

नाही असं मी म्हटलं नाही.